पॅडल मारणे हाच व्यायाम

पॅडलबोर्डवरच्या व्यायामाची छायाचित्रे पाहिली तर त्यांत पॅडल बहुधा बाजूला पडलेले असते. संथ पाणी, जागेवर नांगरलेला बोर्ड, आणि त्यावर कोणी वृक्षासनात, कोणी शीर्षासनात, कोणी बैठका मारणारे. चित्रे देखणी असतात आणि त्यांतले व्यायामही खोटे नसतात. तरी ही पुस्तिका त्या व्यायामांपासून सुरू होत नाही. तिचा अर्ध्याहून मोठा भाग फक्त पॅडल मारण्याबद्दल आहे: कसे उभे राहावे, पाते कुठे रोवावे, कुठे काढावे, किती अंतर कोणत्या वेगाने कापावे. या साधनावर शरीर घडते ते मुख्यतः अंतर कापल्याने, असे माझे ठाम मत आहे. बाकीचे व्यायाम त्याच्या जोडीला यावेत, त्याच्या जागी येऊ नयेत. ही प्रस्तावना त्या मताची बाजू मांडण्यासाठी लिहिली आहे.

ज्यांनी हे साधन जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. नवशिक्याचा बोर्ड साधारण साडेदहा फूट लांब, बत्तीस इंच रुंद आणि पाच-सहा इंच जाड असतो. हल्ली बहुतेक जण हवा भरायचा बोर्ड घेतात. त्याचा वरचा आणि खालचा पडदा आतून हजारो उभ्या धाग्यांनी जोडलेला असतो, त्यामुळे १२ ते १५ पीएसआय दाबाने हवा भरली की तो गोल फुगत नाही, सपाट आणि ताठ राहतो. हवा काढून गुंडाळला की पाठीवरच्या पिशवीत मावतो. वजन आठ-दहा किलो. पॅडलला एकच पाते असते आणि त्याची लांबी आपल्या उंचीपेक्षा वीस-पंचवीस सेंटिमीटर जास्त ठेवतात. पाते दांड्याशी किंचित कोन करून बसवलेले असते आणि तो कोन पुढच्या बाजूला, बोर्डच्या नाकाकडे झुकलेला हवा. पहिल्या दिवशी बहुतेक जण पॅडल उलटे धरतात, कारण पाणी उपसायचे आहे असे हाताला वाटते. पाणी उपसायचे नसते. ते पुढे येईलच.

उभे राहून वल्हवणे जगाला नवे नाही. व्हेनिसचे गोंडोलावाले उभ्यानेच वल्हवतात. म्यानमारच्या इनले सरोवरातले इंथा मच्छीमार होडीच्या टोकावर एका पायावर उभे राहतात आणि दुसरा पाय वल्ह्याभोवती गुंडाळून होडी हाकतात, म्हणजे जाळ्यासाठी हात मोकळे. उभे राहिले की लांबचे दिसते, पाण्याखालचे दिसते आणि सगळ्या अंगाचे वजन कामाला लावता येते. आजचा पॅडलबोर्ड मात्र हवाईतून आला. होनोलुलूच्या वाइकिकी किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्याला पर्यटकांना सर्फिंग शिकवणारे जे ‘बीच बॉइज’ होते, त्यांच्यापैकी काही जण, विशेषतः आचॉय कुटुंबातले, आउटरिगर होडीचे वल्हे घेऊन सर्फबोर्डवर उभे राहत. तिथून शिष्यांवर लक्ष ठेवता येई, येणारी लाट आधी दिसे आणि पर्यटकांचे फोटोही काढता येत. पुढे ही रीत मागे पडली.

तिला पुन्हा वर आणले ते व्यायामाच्या गरजेने, आणि या पुस्तिकेसाठी ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९९० च्या दशकात माउई बेटावर लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा हे मोठ्या लाटांवरचे नामांकित सर्फर होते. समुद्र शांत असलेल्या दिवसांतही अंग तयार राहावे म्हणून त्यांनी लांब-रुंद बोर्ड आणि होडीची वल्ही घेतली आणि उभ्याने मैलोन्मैल वल्हवायला सुरुवात केली. लाटेवर उभे राहण्यासाठी लागणारे पाय, पाठ आणि दम त्यांनी त्यातून टिकवला. २००४ मध्ये ओआहू बेटावरच्या मकाहा इथल्या सर्फिंग स्पर्धेत या प्रकाराला वेगळा गट मिळाला, त्याच सुमारास तो कॅलिफोर्नियाला पोचला आणि पुढच्या काही वर्षांत तलाव-नद्यांच्या काठाने जगभर गेला. मोलोकाई ते ओआहू ही कैवी सामुद्रधुनीतली सुमारे ५२ किलोमीटरची शर्यत आता पॅडलबोर्डवरही होते. नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतात, जिथे कालवे गोठल्यावर अकरा गावांना जोडणारी प्रसिद्ध स्केटिंगची शर्यत भरते, तिथेच बर्फ नसताना २२० किलोमीटरची पॅडलबोर्ड शर्यत पाच दिवसांत होते. दक्षिण आफ्रिकेचा क्रिस बर्टिश डिसेंबर २०१६ मध्ये मोरोक्कोहून निघाला आणि ९३ दिवसांनी, मार्च २०१७ मध्ये, एकट्याने अटलांटिक ओलांडून अँटिग्वाला पोचला. त्याचा बोर्ड झोपायला बंदिस्त जागा असलेला, खास बांधून घेतलेला होता. पण तो पुढे सरकवणारी हालचाल आपल्या तलावात शिकायची तीच.

ती हालचाल नीट समजून घेण्यासारखी आहे.

पाय खांद्यांइतके लांब, एकमेकांना समांतर, बोर्डच्या मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना. गुडघे मोकळे. नजर क्षितिजावर, पायाकडे पाहिले की तोल जातो. नवशिक्या पायाची बोटे आवळून बोर्ड पकडू पाहतो, आणि दहा मिनिटांत पावले बधिर होतात. बोटे सोडायची. वरचा हात पॅडलच्या टोकाच्या मुठीवर, खालचा दांड्यावर. आता कमरेतून, नितंबांच्या सांध्यातून पुढे झुकायचे. पाठीचा कणा वाकवायचा नाही. ज्या बाजूला पॅडल आहे त्या बाजूचा खांदा पुढे जातो, धड वळते, आणि पाते पुढे जितके लांब पोचेल तितक्यावर पूर्ण पाण्यात रोवायचे. पूर्ण म्हणजे पूर्ण. अर्धे पाते पाण्यावर ठेवून ओढले की नुसता खळबळाट होतो आणि बोर्ड जागचा हलत नाही.

पाते रोवले गेले की मनातली दिशा बदलावी लागते. पॅडल मागे ओढायचे, असे समजू नये. चिखलात घट्ट रोवलेला खांब धरून स्वतःला त्याच्यापाशी ओढून न्यावे, तसा बोर्ड पात्यापाशी न्यायचा. वरचा हात खाली दाबतो, वळलेले धड सुटते, झुकलेली कंबर सरळ होते, पावले बोर्डला पुढे ढकलतात. हात जवळजवळ सरळच राहतात. ते इथे दोरीचे काम करतात. जोर येतो पाठीच्या रुंद स्नायूंतून, पोटाच्या तिरक्या स्नायूंतून, नितंबांतून आणि मांड्यांतून. पाते पावलापाशी आले की बाहेर काढायचे. त्याच्या मागे ओढत नेले तर ते पाणी वर उचलते आणि बोर्डची शेपटी खाली दाबते. मेहनत होते, वेग कमी होतो. दांडा उभा ठेवला तर बोर्ड सरळ जातो, आडवा फिरवला तर वळतो. म्हणून नवशिक्याला चार-पाच स्ट्रोकनंतर बाजू बदलावी लागते आणि सराव झालेला माणूस एका बाजूला सहज दहा-बारा मारतो. बाजू किती वेळाने बदलावी लागते, यावरूनच दांडा किती उभा राहतो ते कळते.

ज्याचे दंड पहिल्या अर्ध्या तासात भरून येतात त्याचे पॅडल चुकते आहे, असे खुशाल समजावे. योग्य स्ट्रोकने दुसऱ्या दिवशी दुखते ती बरगड्यांची बाजू, काखेच्या मागची पाठ आणि नितंब. तासाभरात असे दोन-अडीच हजार स्ट्रोक होतात. प्रत्येकात झुकणे, वळणे, दाबणे आणि पुन्हा सरळ होणे असते, तेही हलत्या पृष्ठभागावर, जिथे पाय, घोटे आणि कंबर क्षणभरही पूर्ण सुट्टीवर जात नाहीत. गुडघ्यांवर आदळआपट मात्र अजिबात नाही. डांबरी रस्त्यावर धावून गुडघे कुरकुरू लागलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला इतका सर्वांगीण आणि इतका सौम्य व्यायाम दुसरीकडे क्वचितच मिळेल.

याला आधार देणारा एक अभ्यास आहे. ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टच्या बाँड विद्यापीठात बेन श्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी व्यायामाचा सराव नसलेल्या मूठभर लोकांना आठवड्यातून तीनदा, एकेक तास, सहा आठवडे पॅडलबोर्डवर सराव दिला. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता सरासरी सुमारे २३ टक्क्यांनी वाढली. पालथ्या प्लँकमध्ये टिकून राहण्याचा वेळ जवळजवळ २० टक्क्यांनी, दोन्ही कुशींच्या प्लँकचा २५ टक्क्यांहून अधिक वाढला. पाठीच्या स्नायूंची चिकाटीही वाढली. स्वतःच्या शरीराबद्दल आणि मनाबद्दल त्या लोकांनी दिलेली उत्तरेही सुधारली. तोलाच्या चाचण्यांत मात्र दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही.

हा शेवटचा निष्कर्ष पुष्कळांना धक्कादायक वाटतो, कारण पॅडलबोर्ड विकला जातो तो तोल सुधारण्याच्या नावाने. मला तो पटतो. बोर्डवरचा तोल बोर्डवर येतो आणि झपाट्याने येतो. पहिल्या दिवशी लटपटणारा माणूस चौथ्या-पाचव्या खेपेला गप्पा मारत पॅडल मारतो. पण ते त्या फळीवरचे, त्या पाण्यावरचे कसब आहे. जमिनीवर एका पायावर उभे राहण्याच्या परीक्षेत ते जसेच्या तसे उतरेल अशी अपेक्षा ठेवायला नको. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठी इमारत बांधू नये. तरी त्याने दाखवलेली दिशा स्वच्छ आहे: फायदा झाला तो दमाला आणि धडाला, आणि हे दोन्ही पॅडल मारल्याने कामाला लागतात. नांगरलेल्या बोर्डवर आसने करून दम वाढत नाही.

दम वाढवायचा तर पाण्याचा स्वभाव ओळखावा लागतो. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती साधारण घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट करायचा तर सुमारे आठपट शक्ती लावावी लागते. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत जीव तोडून पॅडल मारणाऱ्याला थोडाच वेग मिळतो आणि पुढची पन्नास मिनिटे तो धापा टाकत काढतो. पाणी संथ, लांब श्रमाला उदार आहे. आठवड्यातल्या तीन खेपांपैकी दोन अशा असाव्यात की सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. तिसरीत वेगाचे तुकडे घालावेत: तीन मिनिटे जोरात, दोन मिनिटे सावकाश, असे चार-पाच वेळा. प्रगती मोजायची तर घड्याळाइतकेच स्ट्रोक मोजण्याला महत्त्व द्यावे. काठावरच्या दोन खुणा ठरवायच्या आणि तेवढे अंतर जाऊन-येऊन किती स्ट्रोकमध्ये होते ते दर पंधरवड्याला पाहायचे. जाऊन-येऊन अशासाठी, की वाऱ्याचा आणि प्रवाहाचा फायदा-तोटा बराचसा वजा व्हावा. त्याच वेळात स्ट्रोक कमी लागू लागले, म्हणजे पाते पाण्याला धरू लागले.

बोर्डवरच्या बैठका, प्लँक, गुडघ्यांवर बसून मारलेले पॅडल, या सगळ्यांना पुस्तिकेत जागा दिली आहे. पण ती पॅडल मारून झाल्यानंतरची. दमलेल्या पायांनी सावकाश मारलेल्या बारा बैठका ताज्या पायांच्या तिसापेक्षा जास्त शिकवतात. गुडघ्यांवर बसून वल्हवण्याचा व्यायाम मला विशेष आवडतो, कारण पायांची मदत कमी झाली की धड कुठे आळशीपणा करते आहे ते लगेच उघडे पडते. शीर्षासन मी मुद्दाम दिलेले नाही. उथळ पाण्यात डोक्यावर पडण्याचा धोका त्यातून मिळणाऱ्या लाभापेक्षा मोठा आहे.

आता सुरक्षेबद्दल. हा भाग वाचल्याशिवाय कोणी पुढचे पान उलटू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे आपण सगळ्यांनी पाठ केले. कोकणच्या किनाऱ्यावर पॅडल मारणाऱ्याला त्या धड्याची रोज गरज पडते. सकाळी लवकर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. काठाजवळ पाणी आरशासारखे दिसते आणि नवशिक्याला वाटते, आज उत्तम दिवस आहे. वारा पाठीशी असतो, बोर्ड आपोआप पळतो, आणि काठापासून दूर, माडांचा-टेकड्यांचा आडोसा संपला की तोच वारा जोराचा लागतो. परतताना तो समोरून येतो. उभा माणूस शिडासारखा वारा अडवतो. त्यामुळे पॅडल मारत राहूनही माणूस मागे जाऊ शकतो. दुपारी खारा वारा सुटला की दिशा काठाकडची होते, पण पाणी उसळते. नियम सोपा आहे: निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचे, म्हणजे थकल्यावर वारा घरी आणतो. वारा वाढला तर उभे राहण्याचा हट्ट सोडून गुडघ्यांवर बसायचे. त्याने भागले नाही तर पालथे पडून हातांनी पाणी मारायचे. बोर्ड कधीही सोडायचा नाही.

खाडीत भरती-ओहोटीचे गणित येते. दोन्हींमध्ये साधारण सहा तास जातात आणि मधल्या दोन तासांत प्रवाह सर्वांत जोराचा असतो. ओहोटीच्या त्या दोन तासांत खाडीच्या मुखाजवळ असू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा जोर आणखी वाढतो. अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती शिकणाऱ्याला सोयीची. कर्लीच्या खाडीत असो की गोव्यात नेरूलच्या, तिथल्या कोळ्यांना, खारव्यांना आधी विचारावे. तिथीवरून पाण्याची चाल सांगणारे हे ज्ञान कोणत्याही अ‍ॅपपेक्षा त्या जागेला जास्त ओळखते. जून-जुलैत, मासेमारी बंद असते त्या काळात, समुद्रावर बोर्ड नेऊच नये.

पायाला बांधायची दोरी, म्हणजे लीश, समुद्रात आणि तलावात जीव वाचवते, कारण पडल्यावर बोर्ड वाऱ्याने आपल्या पोहण्यापेक्षा जलद दूर जातो. वाहत्या नदीत मात्र घोट्याला बांधलेली हीच दोरी घातक ठरते. ती फांदीत किंवा खांबात अडकली की प्रवाहाच्या दाबाविरुद्ध वाकून घोट्यापर्यंत हात नेता येत नाही. नदीत लीश कमरेच्या पट्ट्याला, एका झटक्यात सुटणारी हवी. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधल्या हॅवरफोर्डवेस्ट इथे पूर आलेल्या नदीत पॅडलबोर्डवर निघालेल्या गटातल्या चौघांचा बंधाऱ्यावरच्या अपघाताने बळी घेतला. बंधारा फार उंच नव्हता. अशा बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी मागे वळून गोल फिरत राहते आणि माणसाला बाहेर सोडत नाही. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रातल्या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जागोजाग आहेत. बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असताना वरच्या बाजूचे पाणी तलावासारखे संथ आणि मोहात पाडणारे असते. पण वरून आलेल्या बोर्डवरच्या माणसाला बंधाऱ्याची कड फार उशिरा दिसते. तिथून भरपूर लांब राहावे. धरणाखालच्या नदीत विसर्गाची चौकशी करून उतरावे. पवई तलावात, सांगलीजवळच्या कृष्णेत, चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत. तिथे हा व्यायाम नको. आणि लाइफ जॅकेट पट्टीच्या पोहणाऱ्यानेही घालायचे. बोर्डला बांधून ठेवलेल्या जॅकेटचा पडल्यावर उपयोग होत नाही.

पाण्याचा खेळ किनाऱ्यावरच्यांचा, हा समज मात्र सोडून द्यावा. दत्तू भोकनळ नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावातला. सैन्यात गेल्यावर पुण्यात रोइंग शिकला आणि चार वर्षांत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक घेऊन आला. पॅडलबोर्डमध्येही कर्नाटकातल्या मुल्कीच्या तन्वी जगदीशने आणि चेन्नईजवळच्या कोवलमच्या सेकर पच्चाईने देशासाठी वाट पाडली आहे. आपल्या धरणांच्या जलाशयांत, जिथे परवानगी आणि देखरेख आहे तिथे, हिवाळ्याच्या सकाळी मिळणारे पाणी जगातल्या कुठल्याही पॅडलरला हेवा वाटावा असे असते.

खांद्याचे जुने दुखणे असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. या खेळात सर्वांत जास्त दुखापती खांद्याला होतात, त्याखालोखाल कमरेला. दोन्हींचे एक मोठे कारण हातांनी ओढण्याची सवय, म्हणून स्ट्रोकचे प्रकरण सर्वांत लांबले आहे. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी आधी एक उन्हाळा पोहायला द्यावा. बाकीच्यांनी पहिल्या आठवड्यात अंतराचा विचार करू नये: कमरेइतक्या पाण्यात बोर्डवर चढणे, मुद्दाम बाजूला पडणे, पुन्हा चढणे, गुडघ्यांवर पॅडल मारणे, आणि पावले सैल ठेवून पाच-पाच मिनिटे उभे राहणे, एवढेच. दुसऱ्या आठवड्यापासून पहिले प्रकरण उघडावे.